पितृपक्षात वाळणाऱ्या पाट्या

गणपती गेले की आमच्याकडे ऊन पडतं ते थेट डोळ्यांत खुपणारं. शेजारीपाजारी कुणा ना कुणाकडे वडे, खीर, गवार-भोपळ्याची भाजी रांधलेली असते आणि गच्चीच्या कठड्यावरच्या कावळ्यांना भलताच भाव आलेला असतो. काल असाच दिवस होता. समोरच्या बंगल्यात गेटला ऑईल पेंट मारत होते. तो वास खिडकीतून आत आला आणि मी हातातला चहा तसाच ठेवून अंगणात जाऊन उभी राहिले. अंगणात दोन कुंड्या होत्या आणि सुनेची स्कूटर होती. पण पितृपक्षातलं अंगण इतकं मोकळं असतं हे मला अजून पटत नाही. तिथं पाट्या वाळत असायला हव्यात.

माझे वडील पेंटर होते. चित्रं काढणारे नव्हेत, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बाजार त्यांना भगवान पेंटर म्हणायचा. पावसाळ्यात पाट्या विटायच्या आणि दसऱ्याआधी नवी पाटी चढवायची हा व्यापाऱ्यांचा रिवाज. पण घटस्थापनेच्या आधीचा पंधरवडा पितरांचा. त्या दिवसांत कुणी नवी वस्तू घेत नाही, दुकानदार तर नाहीच नाही. त्यामुळे पाट्या व्हायच्या पितृपक्षात आणि उचलल्या जायच्या घटस्थापनेला. तोवर त्यांचा मुक्काम आमच्या औरंगपुऱ्यातल्या अंगणात. बाजेवर एक आडवी, तुळशीला टेकून दोन, न्हाणीच्या भिंतीला चार. सकाळी तोंड धुवायला जायचं तर पिठाची गिरणी, सायकल मार्ट आणि दातांचा दवाखाना ओलांडून जावं लागे. ओल्या पाटीला फ्रॉक लागला तर आईचा धपाटा ठरलेला. माझ्या एका फ्रॉकवर 'दवा' एवढी दोन अक्षरं कायमची उमटली होती. ती उलटी असल्यामुळे कुणाला वाचता यायची नाहीत एवढंच समाधान.

दादांचं अक्षर जाड आणि कोनाकोनांचं होतं. त्यात गोलाई म्हणून नव्हतीच. 'व'चं पोट चौकोनी, 'र'चा हात कोपरात मोडलेला, 'ग'ची काठी तिरकी कापून सोडलेली. वरची पट्टी एवढी रुंद की तिच्यावर चिमण्या बसतील, आणि मी बसलेल्या पाहिल्याही आहेत. एरवी आपली अक्षरं वेलीसारखी वळतात, ही मात्र दारात पाय रोवून उभी असायची. लांबून वाचता यायची हा त्यांचा मोठा गुण. म्हणून बी-बियाण्यांची दुकानं, लाकडाच्या वखारी, बँडवाले, ट्रकच्या फळ्या, कारखान्यांच्या कुंपणावरचं 'धोका' हे सगळं दादांकडे यायचं. वेरूळच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं तर सांगितलं होतं, "पेंटरसाब, एसटीच्या खिडकीतून 'चहा' दिसला पाहिजे, ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला पाहिजे." दादांनी नुसतं 'चहा' लिहिलं, पुरुषभर उंचीचं. गाड्या थांबायच्या.

आणि त्या अक्षराला एक खोड होती. ती मला फार उशिरा दिसली, दिसली तेव्हा वाईट तऱ्हेनं दिसली.

मी तेव्हा सरकारी चित्रकला महाविद्यालयात अक्षरलेखन शिकत होते. वय विशीच्या आसपास, अंगात शिष्टपणा पुरेसा. एके दिवशी सरांनी वर्गात एका पाटीचा फोटो लावला आणि विचारलं, "ह्यात काय चुकलंय?" पाटी एका कापड दुकानाची होती. सर म्हणाले, "बघा, बाकीची अक्षरं कशी ऐसपैस बसलीत आणि पहिलंच अक्षर दाबलंय. पाहुण्यांना जेवायला वाढायचं आणि यजमानानं दारात उकिडवं बसायचं तसं झालं." वर्ग हसला. मीही हसले. हसता हसता पाटीच्या खालच्या कोपऱ्यात नजर गेली. तिथं बारीक अक्षरांत 'भगवान' लिहिलेलं होतं.

हे माझ्या वडिलांचं काम आहे, असं म्हणायला एवढासा श्वास लागला असता. तो मी घेतला नाही. त्याची लाज आज सत्तरीला टेकले तरी तशीच आहे.

त्या दिवशी घरी येताना रस्त्यावरची एकेक पाटी पाहत आले. गिरणी, वखार, सायकल मार्ट. सगळीकडे तेच. पहिलं अक्षर दोन बोटं अरुंद. कारण मला घरातच सापडलं. दादा पाटी लिहायला उजवीकडून सुरुवात करत. शेवटचं अक्षर आधी, मग त्याच्या अलीकडचं, असं करत पहिल्यापर्यंत यायचं. मी जन्मापासून ते बघत आले होते म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलंच नव्हतं. बाकी पेंटर डावीकडून लिहायचे, त्यांचं अंदाजात चुकलं तर शेवटचं अक्षर दाटीत सापडायचं. दादांचं पहिलं सापडायचं.

दादा मूळचे देवगाव रंगारीचे. घरी नांगर, बैल, मराठी बोलणं. पण निजामाच्या राज्यात त्यांची शाळा झाली उर्दूतून. चौथी झाल्यावर ते औरंगाबादेत एका उस्तादांकडे उर्दू पाट्या लिहायला लागले, विशीपर्यंत त्यात त्यांचा हात पक्का झाला. त्यांच्या हाताला उजवीकडून डावीकडे जायची सवय ती तेव्हाची. मला हे सगळं ऐकून माहीत होतं. पण मधली जागा माहीत नव्हती. उर्दू लिहिणारा माणूस मराठी लिहायला कुठं शिकला, आणि असलं कोनाकोनांचं अक्षर त्यानं आणलं कुठून, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आईवडिलांना विचारायचं असतं हे आपल्याला फार उशिरा सुचतं.

त्याच वर्षीचा पितृपक्ष. गुलमंडीकडच्या एका कापडवाल्या शेठजींनी दुकानावर मजला चढवला होता आणि पंधरा फुटी पाटी सांगितली होती. नावाच्या शेवटी 'वस्त्रभांडार'. तेव्हा गोल, फुगीर, मागं सावली असलेल्या अक्षरांची टूम आली होती. दोन नवे पेंटर ती अक्षरं झोकात काढायचे. शेठजी दादांना म्हणाले, "भगवानभाऊ, पुराना रिश्ता हाय म्हणून तुमाला देतोय. पण लोक म्हणतात तुमचं अक्षर आता जुनं झालं. ही पाटी अशी करा की कुणाचं तोंड उघडायला नको." त्या रांगेतले बाकीचे दुकानदार शेठजींची पाटी बघून आपलं ठरवणार होते. दादांचं अक्षर बाजारात राहतं की जातं, ते त्या पंधरा फुटांवर होतं. दादांनी ब्रश दोनदा धुतले त्यावरून मला ते कळलं.

आई तेव्हा घरी नव्हती. तिचं माहेर घाटाखाली चाळीसगावला. वडिलांच्या श्राद्धाला म्हणून ती चार दिवस गेली होती. घरात मी आणि दादा. पत्र्यावर लाल रंग वाळला होता. दादांनी उजव्या टोकाला पाट ठेवला, खाली बसले, आणि मी म्हणाले, "दादा, एकदा डावीकडून करून बघा ना."

"काऊन?"

"पहिलं अक्षर दाबलं जातं तुमचं. लोक हसतात."

"कोण हसतंय?"

मी खाली बघत म्हणाले, "कॉलेजात दाखवतात. चुकीचं म्हणून."

दादांनी पाट उचलला आणि डाव्या टोकाला नेऊन ठेवला. "तू शिकलेली हायेस बाई. मला ह्यातलं काय कळतंय? सांग, कुठनं धरू?"

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. पहिलं अक्षर छान मोकळं बसलं. दुसरं, तिसरं. अर्ध्यावर आल्यावर मला दिसायला लागलं की काहीतरी बिघडतंय. अक्षरं दादांचीच होती पण ती उभी नव्हती, एकमेकांवर रेलत होती. एरवी एका दमात पट्टी ओढणारा माणूस मधेमधे थांबत होता, मान वळवून मागं बघत होता. 'वस्त्र' झालं, 'भांडा' झालं आणि 'र'ला जागाच उरली नाही. तो त्यांनी चौकटीच्या लाकडावर नेऊन कसाबसा टेकवला.

शेठजी नेमके दुसऱ्या दिवशी बघायला आले. "ये क्या किया पेंटरसाब? हा 'र' कुठं निघाला, रस्त्यावर?" हसत बोलले, पण हसू गालापर्यंतच होतं. "अमावस्येपर्यंत बघतो. नाय जमलं तर मी दुसऱ्याकडून करून घेतो, वाईट वाटून घेऊ नका. घटस्थापनेला पाटी पाहिजे म्हणजे पाहिजे."

ते गेले. दादा मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते टर्पेंटाइनचं फडकं घेऊन अख्खी पाटी पुसायला बसले आणि म्हणाले, "माझंच चुकलं बाई. ह्या बाजूनं हात नाय वळत माझा. आधीच नाय म्हणायला पाहिजे होतं." लाल पत्र्यावर पांढऱ्याचा फराटा उमटला, तो पुसता पुसेना. पुन्हा लाल मारला, पण दोन दिवस दादांनी ब्रशला हात लावला नाही. उजव्या टोकालाही बसायला ते बिचकत होते. मी त्यांना शिकवायला गेले आणि येत होतं तेही घालवलं, असं मला झालं होतं.

तिसऱ्या दिवशी आई आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली, कोरी पाटी बघितली, दादांचं तोंड बघितलं, माझं बघितलं. काय झालं ते मी सांगितलं. वर्गात हसले तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "खडू आण."

आमच्याकडे पितरांच्या पंधरवड्यात दारात रांगोळी घालत नाहीत. आई त्या बाबतीत कडक. पण त्या दुपारी ती पदर खोचून पत्र्याच्या उजव्या टोकाला बसली आणि खडूनं ठिपके द्यायला लागली. रांगोळीचे देतात तसे, सरळ ओळीत, मोजून.

"अगं, पितृपक्ष हाय," दादा म्हणाले.

"दारात नाही घालत. पत्र्यावर घालतेय," आई म्हणाली. "बसा."

ती ठिपके देत डावीकडे सरकत गेली आणि दादा तिच्या मागोमाग ते जोडत आले. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत सरळ, मग कोन, मग पुन्हा सरळ. गोल जायला वावच नव्हता. मी खांबाला टेकून बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ते अक्षर उलगडत होतं. 'व'चं पोट चौकोनी का, 'र'चा हात मोडलेला का, सगळं त्या ठिपक्यांत होतं. कॉलेजात दोन वर्षं अक्षरांची मापं काढत होते मी, आणि ज्या अक्षरावर वाढले ते आईच्या रांगोळीतून आलंय हे मला माहीत नव्हतं.

रात्रीच्या भाकरी थापताना आईनं ते सांगितलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, वर्षभरात त्यांचं लग्न झालं. शहरातल्या पाट्या एकेक करून मराठी व्हायला लागल्या आणि दादांचं काम आटलं. उस्तादांनी स्वतःचे चार ब्रश देऊन सांगितलं, "बेटा, हुनर तो हाथ में है, हर्फ नये सीख ले." पण शिकवणार कोण? जन्मभर मराठी बोललेल्या माणसाला मराठीतलं एक अक्षर येत नव्हतं. बाजारात विचारायची लाज. आई घाटाखालची, इंग्रजी मुलखातली, मराठी चौथी शिकलेली. वय सतरा. ती म्हणाली, मी शिकवते. पाटी-पेन्सिल आणली तर शेजारीण बघेल, म्हणून दारातल्या सड्यावर रांगोळीनं. कुणी आलं की हात फिरवून मोडता यायचं.

"पहिल्या दिवशी काय शिकवलंस?" मी विचारलं.

आई तव्याकडं बघत हसली. "नाव. ह्यांचं."

"तू नाव घेतलंस दादांचं?" आईच्या तोंडून आम्ही दादांचं नाव उखाण्यातसुद्धा ऐकलं नव्हतं.

"घेतलं कुठं? ठिपके दिले. ह्यांनी जोडले, आन् विचारलं, हे काय लिहिलं? मी म्हटलं, वाचा. म्हणाले, वाचता आलं असतं तर तुझ्याफुडं बसलो असतो का? तूच सांग. मी म्हटलं, मी कसं सांगू?"

बाहेरून दादांचा आवाज आला. ते ऐकत होते तर. "मग मला कळलं," दादा म्हणाले. "जे ही तोंडानं सांगत नाय ते एकच असंल. मी बोट ठिवून वाचलं. भ, ग, वा, न. तेव्हढं वाचलं आन् पुढचं सगळं आलं."

भाकरी तव्यावर जराशी करपली. आईला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

घटस्थापनेला शेठजींची पाटी चढली. 'वस्त्रभांडार' एवढं घट्ट उभं होतं की समोरच्या मिठाईवाल्यानं तिथंच आपली पाटी सांगितली, पुढं त्या रांगेतल्या निम्म्या पाट्या दादांकडे आल्या. गंमत म्हणजे आईनं एवढे मोजून ठिपके दिले तरी पहिलं अक्षर दोन बोटं अरुंदच होतं. शेठजींना दिसलं नाही. मला दिसलं आणि मला ते अतोनात आवडलं. दिवाळीनंतर वर्ग भरला तेव्हा मी सरांना सांगितलं, ती फोटोतली पाटी माझ्या वडिलांची. उशिरा सांगितलं, पण सांगितलं.

आता त्यातल्या फार थोड्या पाट्या उरल्यात. फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो, त्याला वाळायला अंगण लागत नाही, पितृपक्षही लागत नाही. केतकी म्हणून माझी एक विद्यार्थिनी आहे, शेंद्र्याची. वडील तिथल्या कारखान्यात, ती संगणकावर अक्षरं घडवते. दादांच्या अक्षराचा फॉन्ट करायचं तिच्या मनात आलंय. गेले चार महिने ती स्कूटरवरून शहर पालथं घालतेय. बंद पडलेली गिरणी, वखारीचं फाटक, कुंपणावरचा 'धोका', जे मिळेल त्याचे फोटो काढते आणि मला पाठवते. खाली सही नसली तरी दादांची पाटी तिला आता लांबून ओळखू येते. पहिलं अक्षर बघायचं, दोन बोटं अरुंद असलं की भगवान पेंटर.

काल ती संध्याकाळी घरी आली. रंगाच्या वासात मी अजून अंगणातच होते. गेट लावताना तिची नजर दाराशेजारच्या पाटीवर गेली. हातभर लांबीची, लाल पत्र्यावर पांढरी. इतक्या वेळा आली होती पण बघितली नव्हती. तिनं जवळ जाऊन बोट फिरवलं.

"मॅडम, ही दादांची नाही ना? अक्षर हुबेहूब आहे पण दाटी उलट्या बाजूला आहे. पहिलं मोकळं आहे, शेवटचंच दाबलंय."

पाटीवर 'इंदुमती' लिहिलंय. माझ्या आईचं नाव. दादा गेल्यावर ती पाटी मी माहेरच्या दारावरून काढून इथं आणली.

आई दादांच्या आधी गेली. आयुष्यभर ती म्हणायची, अख्ख्या गावाला पाट्या आणि आपल्या दाराला नाही, आणि दादा म्हणायचे, करू, दसरा होऊ दे. ती गेली त्याच्या पुढच्या पितृपक्षात मी माहेरी आले तेव्हा दादा अंगणात पत्रा घेऊन बसले होते. पाट डाव्या टोकाला होता. त्या फसलेल्या पाटीनंतर इतक्या वर्षांत त्या बाजूला बसलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. 'इं' झाला होता आणि 'दु' चालला होता.

मी म्हणाले, "दादा, ह्या बाजूनं तुम्हाला जमत नाही. ठिपके देऊ का मी?"

"नगं," ते म्हणाले. "तिचं नाव हाय. ती लिहायची तसं, तिच्या बाजूनंच लिहितो."

'म' झाला. 'ती'ला जागा कमी पडली. वेलांटी चौकटीच्या लाकडावर गेली. दादांनी मान तिरकी करून बघितलं आणि ब्रश खाली ठेवला. पुसायला फडकं मागितलं नाही. रंग वाळला तशी त्यांनी ती पाटी अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी असते त्या दिवशी, स्वतः खिळे ठोकून दाराशी लावली. शेजारच्या काकू म्हणाल्यासुद्धा, अहो, पितृपक्षात नवीन पाटी लावतात का, सहा-सात दिवस थांबा. दादांनी तोंडातला खिळा काढला आणि म्हणाले, "गिऱ्हाईक आज येणार हाय."

मी केतकीला एवढंच म्हणाले, "दादांचीच आहे. फोटो घे. पण तो 'ती' सरळ करू नकोस."